‘जरा लावून तर बघ’

गुरुवारची रात्र होती. इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी, त्यामुळे गुरुवारी रात्री दोहातल्या नजमा भागात कुणाच्या ना कुणाच्या घरी आम्ही आठ-दहा जण जमतो. त्या रात्री मित्राच्या चार वर्षांच्या मुलाने टीपॉयवरून लोंबणारी वायर ओढली आणि एक टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क, चालू असतानाच, फरशीवर पडली. आवाज काही मोठा झाला नाही. पोह्यांच्या प्लेटा खाली पडल्या असत्या तर जास्त धावपळ झाली असती. नंतर लॅपटॉपवर डिस्क दिसेना. कानाशी धरली तर आतून टक् टक् टक्, मग क्षणभर शांतता, पुन्हा टक् टक् टक्.

हॉलमध्ये त्या वेळी पाच इंजिनियर होते. एकाने वायर बदलून पाहिली. दुसऱ्याने स्वतःचा लॅपटॉप आणला. तिसरा म्हणाला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेव, आमच्या जुन्या ऑफिसात एकदा चाललं होतं. चौथ्याने तळहातावर हलकेच आपटली, जुन्या टीव्हीला आपटायचे तशी. पाचवा स्क्रू-ड्रायव्हर शोधत होता. आणि मी? पृष्ठभागावरच्या पातळ थरांवर पीएचडी केलेली, पोटापाण्यासाठी अजूनही नॅनोमीटर मोजणारी मी म्हणाले, “अरे, अजून एकदा जरा लावून तर बघ. काय जातंय?”

काय गेलं, ते पुढे सांगते. आधी माझं म्हणणं सांगून टाकते: बिघडलेल्या हार्ड डिस्कवरचा डेटा बहुतेक वेळा अपघाताने मरत नाही. अपघातानंतरच्या तासाभरात तो आपण मारतो, आणि मारताना आपल्याला आपल्या हुशारीचं कौतुक असतं. ‘करून तर बघू’ ही आपल्या लोकांची ताकद आहे असं आपण परदेशात छाती काढून सांगतो. मिक्सरच्या बाबतीत असेलही. हार्ड डिस्कच्या बाबतीत हा शुद्ध अडाणीपणा आहे, आणि तो जितका शिकलेल्या माणसाकडून येतो तितका जास्त महाग पडतो.

त्या टक् टक् आवाजात काय चाललेलं असतं ते पाहा. आत काचेची किंवा ॲल्युमिनियमची चकती असते, तिला प्लॅटर म्हणतात. छोट्या पोर्टेबल डिस्कमध्ये ती मिनिटाला साधारण ५,४०० वेळा फिरते, म्हणजे तिच्या बाहेरच्या कडेचा वेग ताशी पासष्ट किलोमीटरच्या आसपास जातो. तिच्यावरून वाचणारं-लिहिणारं हेड काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगत असतं. माणसाचा केस ऐंशी हजार नॅनोमीटरच्या घरात जाडीचा. चकतीवरचा चुंबकीय थर, म्हणजे तुमचा प्रत्यक्ष डेटा, वाचवायला कार्बनचं जे कवच असतं तेही दोन-तीन नॅनोमीटरचंच. डिस्क पडली की बऱ्याचदा हेड वाकतं किंवा तुटतं. चकती तोवर शाबूत असू शकते. पण तुम्ही पुन्हा वीज दिलीत की ते मोडकं हेड त्या फिरत्या चकतीवर घासायला लागतं. टक् टक् हा हेडने जागा शोधण्याचा, न सापडल्यामुळे मागे जाऊन पुन्हा सुरुवात करण्याचा आवाज आहे. प्रत्येक फेरीत खरवडलेली धूळ आत उडते आणि उरलेल्या हेडांनाही नासवते. जो थर खरवडून निघाला तो डेटा जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत परत येत नाही, कारण तो आता डेटा राहिलेलाच नाही, भुगा झालाय.

आम्ही त्या रात्री ती डिस्क अकरा वेळा लावली. मी नंतर मोजलं.

फ्रीझरच्या सल्ल्याबद्दल दोन शब्द वेगळे, कारण तो सल्ला मरत नाही. फार जुन्या डिस्कमध्ये आकसलेला एखादा भाग थंडीने क्षणभर सुटला असेल, कुणाची फाइल निघाली असेल, मान्य. पण फ्रीझरमधून काढलेली स्टीलची बाटली ऑगस्टमध्ये दोहाच्या बाल्कनीत ठेवून बघा, काही सेकंदांत पाणी ठिबकायला लागतं. हवेवर चालणाऱ्या डिस्क पूर्ण बंद नसतात, हवेचा दाब सांभाळायला त्यांना गाळणी लावलेलं एक भोक असतं. तेच दव आत चकतीवर धरलं की काय होईल? तांदळाच्या डब्याचंही तसंच. पुरात बुडालेली डिस्क वाळवायची नसते. वाळली की गाळ आणि क्षार चकतीवर चिकटून बसतात. ती ओलीच हवाबंद पिशवीत घालून, वीज न लावता, जाणकाराकडे द्यायची असते. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात, २०२१ च्या जुलैमध्ये चिपळुणात पाणी ओसरल्यावर किती दुकानांचे हिशोब, किती फोटो स्टुडिओंची आयुष्यभराची कामं उन्हात पाटावर वाळत पडली असतील, याचा विचार केला तरी पोटात कालवतं.

आता उलटं उदाहरण. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया अंतराळयान साठेक किलोमीटर उंचीवर फुटलं. कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले. तो दिवस आपल्यापैकी बहुतेकांना कुठे होतो यासकट आठवतो. त्या यानात झेनॉन वायूवरचा एक भौतिकीचा प्रयोग होता: फेटलेल्या क्रीमसारखा, घुसळल्यावर झेनॉनही पातळ होतो का, असा काहीसा प्रश्न. त्याचा काही डेटा उड्डाण चालू असतानाच रेडिओने जमिनीवर आला होता, बाकीचा यानातल्या हार्ड डिस्कवर होता. सहाएक महिन्यांनी एका कोरड्या पडलेल्या तळ्याच्या पात्रात अवशेषांबरोबर ती सापडली. जळून, वितळून तिचा असा गोळा झाला होता की ही हार्ड डिस्क आहे हेच आधी ओळखू येईना. ती अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या क्रोल ऑनट्रॅक या डेटा रिकव्हरी कंपनीकडे गेली. तिथे चकत्या काढून रसायनाने साफ केल्या, नव्या डिस्कच्या सांगाड्यात बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के डेटा वाचला. २००८ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याच ढिगात सापडलेल्या आणखी दोन डिस्कमधून मात्र काहीही निघालं नाही.

साठ किलोमीटरवरून पडलेली, जळालेली डिस्क वाचली आणि दीड फुटावरच्या टीपॉयवरून पडलेली मेली. यात नशिबाचा भाग आहेच. यान फुटलं तेव्हा ती डिस्क फिरत नव्हती, आणि जुन्या पद्धतीच्या डॉस प्रणालीमुळे डेटा एका भागात सलग लिहिलेला होता. पण मला एक गोष्ट सारखी आठवते. नासामधल्या कुणीही ती घरी नेऊन लॅपटॉपला लावून बघितली नाही. त्यांच्याकडे तर आमच्यापेक्षा जास्त इंजिनियर होते.

या धंद्यातले लोक खरंच करतात काय, हे आपल्याला माहीत नसतं, म्हणून बिल आलं की आपण ‘लुटतात’ म्हणतो. “चार हजारांची डिस्क, आणि दुरुस्तीचे त्याच्या कित्येक पट?” हे वाक्य मी स्वतः ऐकलंय. डिस्कची दुरुस्ती कुणीच करत नसतं हो. डिस्क फेकूनच द्यायची असते. हेड बदलायचं तर अगदी त्याच मॉडेलची, जुळणाऱ्या हेडांची आणि फर्मवेअरची, शक्यतो त्याच सुमाराला बनलेली दुसरी चांगली डिस्क शोधून विकत घ्यावी लागते, आणि तिचा बळी द्यावा लागतो. उघडायची कुठे? जिथे एका घनमीटर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण साडेतीन हजारांच्या वर नाहीत, अशा स्वच्छ हवेच्या टेबलावर. शमाल वाऱ्यात खिडकीच्या फटीतून येणारी इथली धूळ आठवा, म्हणजे त्या आकड्याचा अर्थ कळेल. सर्किट बोर्ड जळला असेल तर ‘तसाच दुसरा बोर्ड लावा’ हेही आता चालत नाही. प्रत्येक डिस्कचं स्वतःचं मोजमाप बोर्डावरच्या एका चिपमध्ये लिहिलेलं असतं, ती चिपच उपटून नव्या बोर्डावर बसवावी लागते. हे सगळं झाल्यावर कळतं ते इतकंच की डिस्क थोडा वेळ श्वास घेईल. त्या थोड्या वेळात खास यंत्राने तिची जमेल तितकी नक्कल काढायची, आधी सोपे भाग, मग अवघड, हेड दमतंय असं दिसलं की थांबायचं, आणि पुढचं सारं काम नकलेवर करायचं. मूळ डिस्कला पुन्हा हात नाही. बायपासचं बिल कुणी हृदयाच्या वजनावर देत नाही. मग डिस्कचं बिल आपण तिच्या जीबीवर का मोजतो?

तरी या धंद्याची वकिली करायला मी बसलेली नाही. त्यांच्यातही पोस्टमनच जास्त. इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत, पुण्या-मुंबईतही, ‘डेटा रिकव्हरी’ची पाटी लावलेल्या बऱ्याच ठिकाणी डिस्क उघडायची सोयच नसते. ते आधी एखादं सॉफ्टवेअर चालवतात, म्हणजे मोडक्या हेडाला तासन् तास पळवतात, आणि हरले की पुढे दुसऱ्या शहरात पाठवतात. तोवर खरवड वाढलेली असते. ‘डेटा नाही तर पैसे नाहीत’ ही घोषणाही मला गोड वाटत नाही. ज्याला यशाचेच पैसे मिळतात त्याला सोप्या डिस्क घ्यायचा आणि अवघड डिस्क हात झटकून परत करायचा मोह होणारच, आणि परत आलेली डिस्क कुणी उघडली होती, किती वेळा चालवली, हे तुम्हाला कोण सांगणार? मी तर म्हणते तपासणीचे पैसे वेगळे घ्या, आनंदाने देऊ, पण लिहून द्या: डिस्क उघडली का, हेड बदललं का, चकतीवर ओरखडा आहे का, किती टक्के नक्कल निघाली. ‘शंभर टक्के गॅरंटी’ लिहिलेली पाटी दिसली तर त्या दुकानात फोनचं कव्हर घ्यावं आणि निघावं.

दुसरीकडे आपला भाबडेपणा असा की हे लोक काहीही परत आणू शकतात. सिनेमात आणतात. कतारमध्ये राहणाऱ्याने तरी हा गैरसमज ठेवू नये. १५ ऑगस्ट २०१२ ला सौदी अराम्कोवर शमून नावाच्या व्हायरसचा हल्ला झाला. कंपनीनेच दिलेला आकडा सुमारे ३० हजार कॉम्प्युटरचा होता. दोन आठवड्यांच्या आत इथल्या रासगॅसचे ऑफिसमधले कॉम्प्युटर आणि ईमेलही असेच बंद पडले. गॅसचं उत्पादन दोन्हीकडे चालू राहिलं, पण शमूनने काय केलं होतं? फाइली नुसत्या पुसल्या नव्हत्या, त्यांच्यावर जळत्या झेंड्याच्या चित्राचा तुकडा लिहिला होता. डिस्क यंत्र म्हणून ठणठणीत होत्या. तरीही त्या चित्राखालचं जुनं काही वाचणं कुणाच्याही हाती नव्हतं. फाइल डिलीट केली तर ती बहुधा जागेवर असते, फक्त यादीतून नाव गेलेलं असतं. तिच्यावर दुसरं काही लिहिलं की संपलं. हार्ड डिस्कवर अजून ही ‘बहुधा’ची तरी सोय आहे. एसएसडीमध्ये तुम्ही फाइल पुसलीत की ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कला तसं कळवते आणि डिस्क सवडीने ती जागा खरोखर साफ करते. फोनमध्ये सगळं कुलूपबंद लिहिलेलं, आणि किल्ली त्याच फोनच्या प्रोसेसरमध्ये. म्हणजे ज्या कारागिरीच्या भरवशावर आपण निश्चिंत आहोत, ती दर वर्षी थोडी थोडी निरुपयोगी होत चाललीय.

“मग क्लाऊडवर टाका की!” हे ऐकायला मी बसलेच होते. टाका, जरूर टाका. पण आखातातल्या माणसाने एक गोष्ट विचारात घ्यावी. इथली नोकरी संपली की व्हिसा संपतो, व्हिसा संपला की इथला मोबाइल नंबर जातो, आणि तुमच्या खात्याचा ओटीपी त्याच नंबरवर येत असतो. नंबर पुढे दुसऱ्या कुणाला मिळतो. परत गेलेल्या किती जणांची खाती अशी उंबरठ्याबाहेर राहिलीत, आपल्या ओळखीत विचारून बघा. शिवाय सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. लॅपटॉपवर चुकून पुसलेला फोल्डर क्लाऊडवरूनही इमानेइतबारे पुसला जातो.

आखातातल्या मराठी माणसाचं हे दुखणं अमेरिकेतल्यांपेक्षा वेगळं आहे. इथे कुणी कायमचं राहत नाही. घर भाड्याचं, फर्निचर आधीच्याने विकलेलं, जाताना दोन बॅगा आणि विमानात तीस किलो. जे तीस किलोत बसत नाही ते डिस्कवर बसवायचं, ही आमची रीत. आमच्या हौशी नाटकाच्या गटाची बारा-तेरा वर्षांची सगळी चित्रीकरणं एका डिस्कवर आहेत. ती डिस्क सेक्रेटरीकडून सेक्रेटरीकडे जाते, उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर पडलेली मी पाहिलीय, जिथे काचेमागे पाणी उकळेल की काय असं वाटतं. चालू डिस्कची मर्यादा साधारण साठ अंश सेल्सिअस असते. त्या ताज्या गरम डिस्कला घरी आणून लगेच जोडायचं, आणि वर म्हणायचं, “अजून मस्त चालतेय हां.”

याउलट हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्राच्या हजारावर खेड्यांतून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या बघा. लाखाच्या वर ओव्या. ती माणसं आता नाहीत, पण पारीच्या संकेतस्थळावर आज कुणीही त्या बायकांचे आवाज ऐकू शकतं. तिथे कुठल्या दुकानाने चमत्कार केलेला नाही. ते काम एकाच माणसाच्या कपाटात राहिलं नाही, इतकंच.

ओव्यांचं नाव उगाच घेतलं नाही मी. त्या डिस्कवर मित्राच्या आजीच्या ओव्या होत्या. सांगलीजवळच्या गावी, त्याने सुट्टीत फोनवर रेकॉर्ड केलेल्या, चाळीसएक. आजी त्यानंतर वर्षभरात गेली. २०१९ च्या पुरात घरातला कॉम्प्युटर बुडाला, माळ्यावर ठेवलेली डिस्क तेवढी वाचली. तेव्हा त्याची आई म्हणाली, “इथं पाण्याचा भरवसा न्हाई बाबा. तूच घिऊन जा, तुझ्याकडं नीट ऱ्हाईल.” तो घेऊन आला. नक्कल करू करू म्हणत राहिला. मला हे सगळं माहीत होतं, आणि तरी मी म्हणाले, लावून तर बघ.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी शहाण्याने ती आमच्या हातातून काढून घेतली. भारतात जाणाऱ्या एकाच्या हँडबॅगेतून ती एका प्रयोगशाळेत गेली. त्यांनी तपासणीचा अहवाल प्रामाणिकपणे लिहून पाठवला, फोटोसकट. एका चकतीवर गोल, चंदेरी कडं उमटलं होतं. माझ्या कामात मी असे ओरखडे मुद्दाम पाडते, सूक्ष्मदर्शकाखाली बघते आणि त्यावर लेख लिहिते, त्यामुळे फोटो बघताक्षणी मला कळलं की हे एका आपटण्याचं काम नाही. एवढी रुंद खरवड व्हायला डिस्क फिरावी लागते, बराच वेळ, पुन्हा पुन्हा.

बरंचसं परत आलं. लग्नाचा सगळा अल्बम आला, जो तीन नातेवाइकांकडे आधीच आहे. बँकेची स्टेटमेंटं आली. कोणत्या तरी सिनेमाचे दोन भाग आले. ओव्यांच्या फोल्डरमधल्या सहा फाइली उघडल्या, त्यातल्या चार मध्येच तुटतात. एकीत आजी जात्याच्या खुंट्याला हात घालताना कुणाला तरी ओरडते, “त्यो पंखा बंद कर की रं, आवाज येतुया,” आणि पुढे काही नाही.

मित्राने मला आजवर एका शब्दाने विचारलेलं नाही. त्याच्या आईला त्याने सांगितलं की डिस्क पडली. आम्ही अकरा वेळा लावली हे सांगितलेलं नाही. परवा व्हिडिओ कॉलवर ती मलाच म्हणाली, “तुम्ही येवढी शिकल्याली मान्सं हुता तिथं म्हून येवढं तरी वाचलं बघा, बाई.”

गेल्या महिन्यात मी नाटकाच्या गटासमोर दोन जादा डिस्क घ्यायचा प्रस्ताव ठेवला: एक इथे दुसऱ्या घरी, एक पुण्यात, आणि वर्षातून एकदा दोन्ही उघडून तपासायच्या. खर्च एका तालमीच्या चहा-समोशाएवढा. पुढच्या बैठकीत घेऊ म्हणाले.